मशीन सकाळी रुसतं, दुपारी चालतं

संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत नियंत्रित प्रयोग समजावताना बहुतेक वेळा खतं, औषधं नाहीतर उंदीर येतात. मला त्यापेक्षा टेबलाखालचा डेस्कटॉप जवळचा वाटतो. बटण दाबलं, पंखा क्षणभर फिरला आणि थांबला. आता काय? या प्रश्नाला सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. पेट-नेटच्या अभ्यासक्रमात तो नाही, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने 1950 च्या दशकात स्वतःचा संगणक बांधायला घेतला. पूर्ण मशीन 1960 मध्ये कामाला लागलं आणि 1962 मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं ‘टिफ्रॅक’. आत 2,700 व्हॅक्यूम ट्यूब, 1,700 जर्मेनियम डायोड आणि 12,500 रेझिस्टर. हे सगळं 18 फूट लांब, 8 फूट उंच स्टीलच्या सांगाड्यात. मला यातला सर्वांत बोलका तपशील वाटतो तो दारांचा: सांगाड्याच्या प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंनी स्टीलची दारं होती, आतल्या सर्किटपर्यंत हात पोचावा म्हणून. मशीन बिघडणार हे आराखड्यातच धरलेलं होतं.

ट्यूब बिघडायची कधी? हे अमेरिकेतल्या एनिॲकवर आधीच दिसलं होतं. 1946 मध्ये जगासमोर आलेल्या त्या मशीनमध्ये जवळपास 18,000 ट्यूब होत्या, आणि त्या जास्त करून मशीन चालू-बंद करतानाच जायच्या. घरातला जुना पिवळा बल्ब आठवा. तो बहुधा बटण दाबताच ‘फट्’ करून जायचा. थंड तारेचा रोध कमी असतो, म्हणून पहिल्या क्षणी प्रवाह जास्त घुसतो आणि तार झपकन तापते. उपाय साधा निघाला: मशीन शक्यतो बंदच करायचं नाही. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकावर त्याहून हुशार युक्ती निघाली. व्होल्टेज मुद्दाम थोडं वर-खाली करायचं; ज्या ट्यूब दमत आल्यात त्या तेव्हाच चुका करतात, मग त्या आधीच बदलायच्या. बिघाडाची वाट न बघता त्याला बोलावून घ्यायचं. मला ही कल्पना फार आवडते.

1981 च्या आयबीएम पीसीपासून ही तपासणी टेबलावर आली. बटण दाबलं की मशीन आधी स्वतःची चाचणी घेतं आणि सगळं ठीक असेल तर एक छोटी ‘बीप’ देतं. आवाजच का? कारण पडद्याचं सर्किटच बिघडलेलं असेल तर चूक लिहिणार कुठे!

त्यानंतरचा मोठा बदल 1995 चा, इंटेलच्या एटीएक्स रचनेचा. त्याआधी पुढचं बटण थेट भिंतीतून येणारी वीज तोडायचं. एटीएक्समध्ये बटण फक्त मदरबोर्डला विनंती करतं. मदरबोर्ड हिरवी वायर खाली ओढतो, एसएमपीएस जागा होतो, आणि आपले व्होल्टेज स्थिर झाले की राखाडी वायरवरून ‘सगळं ठीक’ असा निरोप देतो. तो निरोप आल्याशिवाय प्रोसेसर हलत नाही. पण ही बोलाचाली व्हायची तर कुणीतरी आधीच जागं हवं, म्हणून जांभळ्या वायरवर 5 व्होल्ट कायम असतात. थोडक्यात, भिंतीचं बटण चालू असेल तर तुमचा ‘बंद’ संगणक पूर्ण बंद नसतो.

आता आमच्या लॅबमधलं प्रकरण. गेल्या जानेवारीत, निफाडचा पारा उतरला की नाशिकही कुडकुडतं त्या दिवसांत, एका उपकरणाला जोडलेला जुना पीसी सकाळी लागेना. पंखा फिरे, थांबे. दहा-बारा वेळा दाबलं की लागे. दुपारी मात्र पहिल्याच दाबात. त्याच्या डिस्कवर एका मैत्रिणीची चार महिन्यांची मोजमापं होती, बॅकअप अर्धवट. दुरुस्तीवाल्याचं निदान फोनवरच झालं: मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या.

सकाळ आणि दुपार यांत नेमकं काय बदलतं? तापमान, लाइनचा दाब, आणि आधीचं किती वेळ चालू होतं ते. यूपीएसवर लावून पाहिलं, सकाळी तेच. म्हणजे लाइनचा संशय उतरला. रॅम काढून खोडरबरने पुसली (हा भारतीय विधी कुणीच चुकवत नाही), तरी तेच. मग एका सकाळी शेजारच्या पीसीचा एसएमपीएस लावला आणि पहिल्या दाबात चालू.

इथेच बहुतेक जण थांबतात, आणि इथेच थांबू नये. कदाचित वायर काढून घट्ट बसवल्यानेच काम झालं असेल. म्हणून दुसऱ्या सकाळी जुना एसएमपीएस तितक्याच काळजीने परत बसवला. पुन्हा पंखा फिरला, थांबला. तिसऱ्या सकाळी शेजारचा लावला, चालू. आता दोष एसएमपीएसचा असं म्हणता येतं. मधली ती ‘परत बसवून बघण्याची’ सकाळ मैत्रिणीला वेळेचा अपव्यय वाटली होती. रिसर्च प्रपोझल लिहिताना ‘कंट्रोल’ या शब्दाखाली मला तीच सकाळ दिसते.

दोष बहुधा आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा. म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, थंडीत आणखी. थोडा तापला की उतरतो. जांभळ्या वायरवर मल्टिमीटर 5 व्होल्टच दाखवत होता, कारण मीटर सरासरी सांगतो, त्यावर स्वार झालेली रिपल नाही. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांनी जगभरचे मदरबोर्ड असेच फुगवले होते. डेलने 2005 मध्ये त्यापायी 30 कोटी डॉलरची तरतूद केली. तेव्हा चोरलेल्या अर्धवट फॉर्म्युल्याची गोष्टही पसरली. ती रंगतदार आहे, म्हणूनच प्रबंधात जपून वापरा.

खात्रीसाठी एसएमपीएस उघडायचा मोह आम्ही टाळला, तुम्हीही टाळा. 230 व्होल्टचं शिखर 325 च्या आसपास जातं आणि प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर ते काही काळ धरून ठेवतो.

नवीन एसएमपीएस बसला, मोजमापं त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी झाली. जुना अजून कपाटात आहे. त्यावर चिकटपट्टी लावून ‘थंड असताना लागत नाही, परत बसवून तपासलं’ असं तारखेसह लिहिलंय, नाहीतर उन्हाळ्यात कुणीतरी तो चालू दिसतोय म्हणून पुन्हा बसवायचा.