डाफमधला ‘ए’ आणि गाडीमागचा हुक

नेदरलँड्सच्या महामार्गांवर डाफचे ट्रक तुम्ही रोज पाहत असाल. पण या नावातला ‘ए’ मुळात ट्रकसाठी नव्हता. हुब फान दोर्ने यांनी १९२८ मध्ये आइंडहोवनमध्ये, बिअरच्या एका कारखान्याच्या आवारात, छोटी कार्यशाळा काढली. १९३२ मध्ये तिचे नाव झाले ‘फान दोर्नेज आनहांगवाखन फाब्रीक’. आनहांगवाखन म्हणजे मागे जोडायची गाडी, ट्रेलर. १९४९ मध्ये ट्रक बनू लागले, तेव्हा ‘ए’चा अर्थ बदलून ‘ऑटोमोबील’ झाला. आद्याक्षरे मात्र तीच राहिली.

म्हणजे ही कंपनी ओढणारे वाहन बनवण्याआधी ओढले जाणारे वाहन बनवत होती. ट्रेलरचा हुक, म्हणजे डच ‘ट्रेकहाक’, निवडतानाही हाच क्रम धरावा: आधी ओझे, मग गाडी.

आपल्याकडे दोन चाकांची बैलगाडी भरताना जाणता गाडीवान भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो. तो मागे गेला तर गाडी उलाळते आणि जू वर उचलले जाते. फार पुढे आला तर बैलांच्या मानेवर येतो. ट्रेकहाकच्या गोळ्यावर पडणाऱ्या याच भाराला डच लोक ‘कोखलद्रुक’ म्हणतात. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. जास्त झाला तर गाडीची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते.

आखूड हौद्याच्या पिकअपला आणखी एक अडचण असते. ट्रेलरचे नाक हौद्यातल्या, मागच्या आसावरच्या जोडणीवर टेकवले तर भार छान पेलला जातो, पण केबिन जवळ असल्याने तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा तिला धडकू शकतो. त्यासाठी मागे सरकणारी जोडणी मिळते. ट्रेलर हलका असेल तर बंपरखालचा साधा गोळा पुरतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी तीन आकडे लिहून घ्या: भरलेल्या ट्रेलरचे वजन, तुमच्या गाडीला परवानगी असलेले ओढायचे वजन आणि कोखलद्रुकची मर्यादा. साध्या ‘बी’ परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड असेल तर गाडी आणि ट्रेलर मिळून अनुज्ञेय कमाल वजन ३,५०० किलोच्या आत हवे. इंजिनाची ताकद कितीही असो, यांतला सर्वांत लहान आकडाच तुमची खरी मर्यादा ठरवतो.