'सदरा' : शब्दाचे कूळ आणि शब्दाचे देशीपण

'सदरा' हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे, की त्याचे कूळ विचारावे असे सहसा कोणाला वाटत नाही. त्याचे मूळ अरबी 'सद्र' या शब्दात आहे. 'सद्र' म्हणजे ऊर, छाती. त्यावरून अग्रभाग आणि पुढे मानाचे स्थान. अरबी छंदःशास्त्रात बैताच्या पूर्वार्धाला 'सद्र' आणि उत्तरार्धाला 'अजुझ', म्हणजे पार्श्वभाग, म्हणतात. तेथेही ही शरीरनिष्ठ कल्पनाच कार्य करते.

मराठीत या शब्दाच्या दोन शाखा आल्या. एक सत्तेकडे व लेखनव्यवहाराकडे वळली : गडावरील 'सदर', दफ्तरी भाषेतील 'सदरहू', वृत्तपत्रातील 'सदर'. दुसरी वस्त्राकडे वळली : छाती झाकणारा तो 'सदरा', आणि हिंदीतील 'सदरी'. मूळचा छातीवाचक अर्थ मात्र मराठीत रुजला नाही. त्यामुळे दोन्ही शाखांना जोडणारा दुवाच हरवला आणि मराठी भाषकाला 'सदर' व 'सदरा' हे असंबद्ध शब्द वाटू लागले.

सतराव्या शतकातील 'राजव्यवहारकोशा'ने राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध करणाऱ्या माधव जूलियन यांनीच १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. या सर्व मंथनानंतरही बोलीतला 'सदरा' टिकून राहिला. 'घोडा-घोड्याला' याप्रमाणे 'सदरा-सदऱ्याला' असे सामान्यरूप घेऊन तो मराठी व्याकरणात केव्हाच सामावला होता.

पुढे 'शर्ट' आला, तेव्हा एक लक्षणीय अर्थांतर घडले. वस्त्राची नागर, आधुनिक छटा 'शर्ट'कडे गेली, तर 'सदरा' ग्रामीण, साधा, आपला ठरला. 'सुखी माणसाचा सदरा' या लोककथेतून आलेल्या वाक्प्रयोगात 'शर्ट' घालून पाहिला, तर हा भेद तत्काळ जाणवतो. शब्दाचे मूल्य व्यवस्थेतील अन्य शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन येथे प्रत्ययास येते : एक परका शब्द दुसऱ्या परक्या शब्दाच्या शेजारी देशी झाला.

देशीवादाच्या चर्चेत व्युत्पत्तीला अखेरचा पुरावा मानण्याचा मोह होतो. 'सदरा' त्या मोहाला छेद देतो. शब्दाचे कूळ कोश सांगू शकतो. त्याचे देशीपण मात्र भाषकांच्या वापरातच सिद्ध होते.