श्वेतपत्रिका : प्रस्तावापासून हिशेबापर्यंत

श्वेतपत्रिका या नावातील शुभ्रतेचा निष्कलंकपणाशी मुळात काहीही संबंध नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटपुढे येणारे जाडजूड अहवाल निळ्या वेष्टनात बांधले जात, म्हणून त्यांना ‘ब्लू बुक’ म्हणत. जो दस्तऐवज आटोपशीर असल्याने अशा वेष्टनावाचून, आतल्याच पांढऱ्या कागदाचे मुखपृष्ठ घेऊन निघे, तो ‘व्हाइट पेपर’ ठरला. पुढे विसाव्या शतकात, कायदा करण्यापूर्वी सरकार आपले नियोजित धोरण ज्यात मांडते तो दस्तऐवज, असा अर्थ या नावाला रूढ झाला.

हिंदुस्थानच्या राज्यघटनेच्या इतिहासात अशी ठळक श्वेतपत्रिका मार्च १९३३ मध्ये निघाली. तीन गोलमेज परिषदांनंतर ब्रिटिश सरकारने घटनात्मक सुधारणांचे प्रस्ताव तीत मांडले आणि ते लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मुकुंदराव जयकर यांच्यासारख्या हिंदी प्रतिनिधींना समितीच्या बैठकांत साक्षीदारांना प्रश्न विचारता येत, मत मात्र देता येत नसे. तरीही साक्षीला आलेल्या विन्स्टन चर्चिल यांना आंबेडकरांनी प्रश्न विचारलेच. याच प्रस्तावांतून, बऱ्याच काटछाटीनंतर, १९३५ चा कायदा झाला.

स्वातंत्र्यानंतर या साधनाची दिशा बदलली. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने संस्थानांविषयी जी श्वेतपत्रिका काढली, तिचा भर भावी कायद्यापेक्षा झाल्या गोष्टींची नोंद करण्यावर होता, आणि म्हणूनच सामीलनाम्याचा व विलीनीकरण करारांचा मसुदा तिच्या परिशिष्टांत शब्दशः छापलेला आढळतो. सांगली, औंध, फलटण इत्यादी दक्षिणी संस्थाने त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली होती. त्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही परिशिष्टे मूळ निवेदनाहून अधिक उपयोगी पडतात.

महाराष्ट्राच्या राजकारणात तर ‘श्वेतपत्रिका काढा’ ही विरोधकांची ठरलेली मागणी झाली असून तिचा अर्थ ‘हिशेब द्या’ एवढाच उरला आहे. २०१२ मधील सिंचनाची श्वेतपत्रिका हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. हजारो कोटी रुपये खर्चूनही राज्यातील सिंचनाचे प्रमाण दशकभरात अवघ्या ०.१ टक्क्याने वाढल्याचे आर्थिक पाहणी अहवालावरून दिसले आणि वाद पेटला. नोव्हेंबरअखेर आलेल्या श्वेतपत्रिकेत मात्र भर होता तो निर्माण झालेल्या सिंचन क्षमतेवर, म्हणजे प्रकल्पांमुळे जेवढ्या जमिनीला पाणी देता येईल त्या क्षेत्रावर. प्रत्यक्ष भिजलेली जमीन आणि भिजू शकणारी जमीन यांतले हे अंतर शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

‘श्वेत’ या विशेषणाला आता नैतिक छटा इतकी चिकटली आहे की, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने अर्थव्यवस्थेवर श्वेतपत्रिका मांडली, त्याच दिवशी काँग्रेसने ‘काळी पत्रिका’ काढून तिला उत्तर दिले.