छावणीतली माती

१९३५ साली मिनेसोटा विद्यापीठात वनशास्त्र शिकणाऱ्या एका तरुणाला पैशांअभावी शिक्षण मध्येच थांबवावे लागले. त्याने एका सरकारी छावणीत तुकडीप्रमुखाची नोकरी धरली. त्याच्या हाताखाली आलेल्यांपैकी अनेकांची अक्षरशः उपासमार झालेली होती. पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यात झालेला पालट तो आयुष्यभर विसरला नाही. तो तरुण म्हणजे नॉर्मन बोरलॉग. ज्यांच्या बुटक्या मेक्सिकन गव्हाचे १८,००० टन बियाणे भारताने १९६६ मध्ये मागवले आणि ज्यांना १९७० मध्ये शांततेचे नोबेल मिळाले, तेच हे बोरलॉग.

ती छावणी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या योजनेतली होती. महामंदीने अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश कामकरी लोकांना बेकार केले होते. फ्रँकलिन रूझवेल्ट ४ मार्च १९३३ रोजी अध्यक्षपदी आले आणि ३१ मार्चला या योजनेच्या कायद्यावर त्यांची सही झाली. सरकारी गतीची सवय असलेल्या वाचकाला हे खरे वाटणे कठीण. पण जुलैपर्यंत सुमारे पावणेतीन लाख तरुण छावण्यांत दाखल झाले होते. सुरुवातीचा नियम १८ ते २५ वर्षांच्या अविवाहित मुलांचा. वेतन दरमहा ३० डॉलर, त्यातले साधारण २५ थेट घरी. म्हणजे एका मुलाच्या कुदळीवर दूरच्या गावातली एक चूल पेटत होती. सगळ्यांची मात्र नव्हे. मुलींना या छावण्यांत प्रवेश नव्हता. आणि वंश वा वर्ण यांवरून भेद करू नये असे कायद्यातच लिहिलेले असूनही कृष्णवर्णीय तरुणांच्या छावण्या वेगळ्या ठेवल्या गेल्या.

नऊ वर्षांत लावलेल्या झाडांचा आकडा सुमारे ३०० कोटी सांगितला जातो. तो डोळे दिपवतो, पण त्यातून फारसे काही कळत नाही. कळते ते विस्कॉन्सिनमधील कून व्हॅलीत. तेथील शेतकरी उभ्या उतारांवर गुरे चारत आणि उताराच्या दिशेनेच नांगरत. वाहत्या पाण्याचा वेग थोडा वाढला, तरी माती वाहून नेण्याची त्याची क्षमता कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे नांगराची प्रत्येक सरी पावसात ओहोळ होई आणि काही वर्षांत ओहोळाची घळ. १९३३ पासून छावणीतल्या मुलांनी येथे घळींना बांध घातले, कुंपणे उभारून गुरांना उतारावरच्या रानाबाहेर ठेवले, रोपे लावली. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी सरकारशी पाच वर्षांचे करार करून समतल मशागत आणि पट्टापेर स्वीकारली. ती मान्य झाली नसती, तर मुलांनी घातलेले बांध गाळानेच बुजले असते.

या कामाचे सल्लागार आल्डो लिओपोल्ड हे योजनेचे सर्वांत मार्मिक टीकाकारही होते. एक तुकडी ओढ्यात ट्राउट माशांसाठी बंधारे घालत असताना दुसरी तुकडी रस्त्यासाठी चिकणमातीचा काठ कापून तेच पाणी कायमचे गढूळ करते, असे त्यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. प्रत्येक खाते आपापल्या परीने बरोबर आणि ओढा मात्र मेलेला. दक्षिणेत तर माती धरून ठेवण्यासाठी कुडझू ही आशियाई वेल मोठ्या प्रमाणावर लावली गेली. तीच पुढे झाडे गुदमरवणारे उपद्रवी तण ठरली. हातांची कमतरता नव्हती, पण तेव्हाच्या परिसरशास्त्राला त्या वेलीचा स्वभाव पुरता उमगला नव्हता.

१९४२ मध्ये अमेरिकी संसदेने निधी थांबवला. मुले युद्धावर गेली.

मृदासंधारण खात्याने १९३८ मध्ये कून क्रीकच्या खोऱ्यातील गाळाची मोजणी करून ठेवली होती. तिच्या आधारे स्टॅन्ली ट्रिंबल यांनी अनेक दशकांनी त्याच खोऱ्यात पुन्हा मोजमाप केले. १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, १९७५ ते १९९३ या काळात तेथे गाळ साचण्याचा वेग १९३०च्या दशकातील वेगाच्या सुमारे ६ टक्के उरला होता. हे श्रेय एकट्या छावणीचे नाही. मुले निघून गेल्यावरही पट्टे आखत राहिलेल्या शेतकऱ्यांच्या दोन पिढ्यांचेही ते आहे.