तोफांनी राखलेले मैदान

दिवाळी पाडव्याची सकाळ. फराळ आटोपून मी आणि माझी नऊ वर्षांची नात बोरीबंदरला उतरलो नि कोटात हिंडायला निघालो. एरवी माणसांच्या लोंढ्यात इथे मान वर करून पाहण्याची सोय नसते. सणामुळे कचेऱ्या बंद, पदपथ मोकळे.

प्रथम टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढलो. १८३३ सालच्या या वास्तूचे ग्रीक धाटणीचे खांब पाहून नातीने विचारले, “आजोबा, हे देऊळ आहे का हो?” आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, तेव्हा सरस्वतीचे देऊळ म्हणायला काय हरकत आहे?

समोरच हॉर्निमन सर्कलची बाग. शंभर-सव्वाशे पावलांत शहराचा गलबला मागे पडतो. एके काळी इथे करवंट्या आणि केरकचरा पडे. जवळच वडाखाली दलाल मंडळी सौदे करीत. पोलिस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांच्या पुढाकाराने उकिरड्याची बाग झाली आणि १८७२ पर्यंत भोवती एकसारख्या कमानदार इमारतींचे कडे उभे राहिले. पुढे तिला बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. स्वतः इंग्रज असून हिंदी जनतेची बाजू मांडणाऱ्या या संपादकाला १९१९ साली सरकारने हद्दपार केले होते.

तिथून हुतात्मा चौकात आलो, हात जोडले. फ्लोरा फाउंटन आहे तिथेच कोटाचा चर्चगेट दरवाजा होता. म्हणजे एक पाऊल पुढे टाकले की आपण तटाबाहेर!

पुढे ओव्हल मैदान. एका अंगाला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवीने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत शेठ प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय नि मनोऱ्यासाठी पैसा देऊ केला. मनोऱ्याला आईचे नाव दिले. तेजी ओसरली, शेटजींचे दिवाळे वाजले. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला. त्या वेळी या इमारतींसमोर समुद्र होता. पुढे भराव पडला आणि १९३० नंतर पलीकडे गोलसर सज्जांची घरे आली. २०१८ साली या दोन्ही रांगा जागतिक वारशात गेल्या.

“पण आजोबा, मधली एवढी जागा रिकामी कशी राहिली?”

तिचा प्रश्न रास्त होता. आमच्या इमारतीच्या अंगणात आता मोटारी उभ्या असतात. तिथे चेंडू टाकला की वॉचमन ओरडतो.

मी तिला सांगितले, शत्रू आला तर तटावरून तोफा डागताना आड काही येऊ नये, म्हणून इंग्रजांनी कोटाबाहेर घरे बांधू दिली नाहीत. १८६२ साली गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रियर यांनी तट पाडायला घेतला. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली निघाले, ते याच घडामोडीच्या दिवसांत. तट गेला, तोफा गेल्या. मैदानाचे तुकडे पडले, तरी ओव्हल उरले.

“मग भीतीमुळे मैदान राहिले?”

“आरंभी भीतीमुळे. पुढे मात्र कुणाला तरी ते हवेसे वाटले म्हणून.”

तेवढ्यात एक चेंडू घरंगळत आला. पोरांनी हाका मारल्या. नातीने चपला माझ्या हाती दिल्या, चेंडू फेकला आणि त्यांच्यातच जाऊन उभी राहिली. मी कडेच्या झाडाखाली बसलो. मनोऱ्याच्या घड्याळाकडे मी पाहत होतो. तिने एकदाही पाहिले नाही.