पिठाचा कोंबडा, केकचा बैल

यंदा लेकीचा पाचवा वाढदिवस नेमका पोळ्याच्या दिवशी आला. आम्ही जळगावला घरी गेलो होतो. "कसला केक हवा?" असं विचारल्यावर तिने एका सेकंदात उत्तर दिलं: "बैलाचा." आदल्या दिवशी आबांबरोबर बाजारात जाऊन झुली, गोंडे, घुंगरमाळा वगैरे सगळं पाहून आली होती, त्याचा परिणाम. बाजारात सिंह, युनिकॉर्न, पांडा सगळे केक मिळतात, बैल मिळत नाही. म्हणजे घरीच करणं आलं.

केक बिनअंड्याचा. कंडेन्स्ड मिल्क, मैदा, लोणी, खायचा सोडा आणि चमचाभर व्हिनेगर. अंड्याच्या केकमध्ये फेटलेलं अंडं हवा धरून ठेवतं, इथे ते काम सोडा आणि आंबट यांच्यातून सुटणारा वायू करतो, म्हणून मिश्रण एकत्र झालं की भांडं लगेच ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. ब्रेडच्या डब्यात भाजलेला केक म्हणजे धड. स्टीलच्या वाटीत भाजलेला म्हणजे डोकं. वशिंडाला वाटीकेकचाच कापलेला तुकडा. आधी क्रीमचा पातळ हात देऊन अर्धा तास फ्रीजमध्ये (नाहीतर पांढऱ्या बैलावर तपकिरी चुरा दिसतो), मग जाड थर. लोण्याचं क्रीम पिवळट होतं, म्हणून व्हिपिंग क्रीम घेतलं. झूल लाल फॉन्डंटची, घुंगरमाळ चांदीच्या गोळ्यांची. जळगावच्या श्रावणातल्या दमट हवेत फॉन्डंटला घाम फुटतो, त्यामुळे झूल अगदी शेवटी घातली. एकंदरीत दुपारी चारपर्यंत बैल तयार, आणि खरं सांगतो, बराच बैलासारखा दिसत होता :-)

मग आबा बघायला आले. थोडा वेळ कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "पोयाले बैलनी मानवर सुरी फिरावशात का रे?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून चोळतात. वर्षभर जू वाहून जी जागा सोलवटते, तिची ती माफी मागणं असतं. पोळ्याला त्याला जुंपत नाहीत, पुरणपोळी खाऊ घालतात. बहिणाबाई चौधरींची 'पोया' नावाची कविता आहे, ती वाचली तरी या दिवसाचं वजन कळतं. आबांनी तीस वर्षं अमळनेर तालुक्यात शेती केली आहे. त्या माणसासमोर, त्याच दिवशी, टाळ्या वाजवत बैलाची मान कापायची.. खरंच जरा विचित्र होतं.

एवढ्यात शेजारच्या भाभी आल्या. त्या जैन, मुलं आमच्याकडे येणारच होती. त्यांनी आधी अंडं विचारलं, मग फॉन्डंटमध्ये जिलेटिन आहे का विचारलं (जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघतं. मी पाकीट पाहून आणलं होतं, नव्हतं). मग हळूच म्हणाल्या, "पण आमची मुलं हा खाणार नाहीत हं. प्राण्याच्या आकाराचं आम्ही कापत नाही." यावर आमची आई म्हणाली, "अहो, केकच तर आहे." मीही मनात तेच म्हणालो.

पण "केकच तर आहे" हे वाक्य आपल्याकडे किमान अडीच हजार वर्षं भांडणाचा विषय आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. म्हणून हा लेख.

सुरुवात शतपथ ब्राह्मणापासून करू. त्यात एक गोष्ट आहे. देवांनी आधी माणसाचा बळी दिला, तर त्याच्यातलं यज्ञाचं सत्त्व निघून घोड्यात गेलं. घोड्याचा दिला तर ते बैलात गेलं, मग मेंढीत, मग बकऱ्यात, आणि शेवटी जमिनीत शिरलं. देवांनी जमीन खणली तेव्हा ते सापडलं ते तांदूळ आणि जव यांच्या रूपात. म्हणून यज्ञात जी पिठाची जाड भाकर देतात, पुरोडाश, ती म्हणजे पशूच. पुढचं वर्णन तर एखाद्या रेसिपीसारखं आहे: कोरडं पीठ म्हणजे केस, पाणी घातलं की कातडी, मळलं की मांस, भाजलं की हाड, वरून तूप सोडलं की मज्जा. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आतलं इम्प्लिमेंटेशन पूर्ण बदललं, पण इंटरफेस तोच ठेवला.

याच भांडणाचं दुसरं रूप महाभारतात शांतिपर्वात येतं. 'अजाने यज्ञ करावा' असं वचन होतं. ऋषी म्हणाले अज म्हणजे बी, धान्य. देव म्हणाले अज म्हणजे बकरा. निवाडा करायला उपरिचर वसू राजाला बोलावलं, त्याने देवांची बाजू घेतली आणि तो आकाशातून खाली पडला. रिक्वायरमेंटमधल्या एका संदिग्ध शब्दामुळे राजाची नोकरी गेली असं हे पहिलंच उदाहरण असावं. हीच गोष्ट जैन पुराणांतही आहे, तिथे अज म्हणजे पेरलं तरी उगवणार नाही असं जुनं धान्य.

पुढे तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू, पिष्टपशू, वापरावा असं सांगितलं. आपल्याकडे घराघरांत हीच तडजोड कोहळ्याच्या रूपात शिल्लक आहे. कोहळा हा बळीच्या जागी आलेला आहे, म्हणूनच अनेक मराठी घरांत बायका अख्खा कोहळा पहिल्यांदा चिरत नाहीत, घरातल्या पुरुषाला त्यावर सुरी चालवायला सांगतात. कारण विचारलं तर कुणी सांगत नाही, पण हात थांबतो.

म्हणजे एक पक्ष झाला: प्राण्याऐवजी पीठ वापरा, जीव वाचतो, प्रश्न सुटला. आता दुसरा पक्ष. तो म्हणजे भाभी.

सोमदेवसूरी नावाच्या जैन आचार्यांनी 959 मध्ये 'यशस्तिलक' हे संस्कृत चंपूकाव्य पूर्ण केलं. तेव्हा दख्खनवर राष्ट्रकूटांचं राज्य होतं, आपला खानदेशही त्यातच. त्याच शतकात राष्ट्रकूटांच्या राजधानीत, मान्यखेटला, पुष्पदंताने हीच कथा अपभ्रंशात 'जसहरचरिउ' म्हणून लिहिली. कथा अशी: उज्जैनचा राजा यशोधर. त्याची राणी एका कुबड्या माहुताच्या प्रेमात आहे, हे त्याला एका रात्री कळतं. तो उद्ध्वस्त होतो, पण आईला खरं सांगू शकत नाही, म्हणून वाईट स्वप्न पडलं असं सांगतो. आई म्हणते, देवीला बळी दे म्हणजे स्वप्नाचा दोष जाईल. राजा म्हणतो, मी जीव घेणार नाही. आई हट्ट धरते. शेवटी तडजोड होते: पिठाचा कोंबडा करू. राजा त्या पिठाच्या कोंबड्याची मान उडवतो आणि मायलेक तो प्रसाद म्हणून खातात.

इथे आपण म्हणू, छान, कुणाचं नुकसान नाही. पण कथा इथे खरी सुरू होते. राणी दोघांना विष घालते. आणि त्या एका पिठाच्या कोंबड्यापायी राजा मोर होतो, आई कुत्रा होते, आणि पुढे जन्मामागून जन्म दोघं प्राणी होऊन मारले जातात. शेवटी खरेखुरे कोंबडे होतात. का? तर हातात पीठ होतं, पण मनात कोंबडा होता. जैन विचारात याला भावहिंसा म्हणतात. जीव गेला की नाही हा एक प्रश्न, पण मारण्याची कल्पना मनात आणून हात उचलला हा वेगळा प्रश्न, आणि त्याचाही हिशेब होतो. या ग्रंथावर कृ. कां. हंडिकी यांनी लिहिलेला मोठा अभ्यास 1949 मध्ये आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केला.

अनेक जैन घरांत आजही प्राण्याच्या आकाराची मिठाई, बिस्किट, केक कापत नाहीत की खात नाहीत, ते याच विचारातून. भाभींना यशोधर माहीत असेल-नसेल, पण नियम पक्का माहीत होता. आणि सांगायचं म्हणजे माझ्याकडे त्यांच्या मुद्द्यावर उत्तर नव्हतं. कारण मी दोन दिवस नेमकं हेच करत होतो, की तो पिठाचा गोळा वाटू नये, बैल वाटावा! केक जितका चांगला जमेल तितकी अडचण जास्त.

गंमत म्हणजे केकची स्वतःची परंपराही यातून सुटलेली नाही. वाढदिवसाचा मेणबत्त्यांचा केक जर्मनीतला. 1746 मध्ये काउंट झिन्झेन्डॉर्फच्या वाढदिवसाला वयाइतकी भोकं पाडून मेणबत्त्या लावलेल्या मोठ्या केकचं वर्णन सापडतं. आणि प्राण्याच्या आकाराचा केक म्हणाल तर जर्मनीत आणि अल्सासमध्ये ईस्टरला मातीच्या साच्यात कोकराचा केक भाजायची जुनी रीत आहे. ते कोकरू म्हणजे बळी गेलेला येशू. म्हणजे तिथेही बळीच्या जागी पीठच. मुलांसाठी घरी प्राण्यांचे केक करायची आधुनिक लाट आली ती बरीच नंतर. 1980 मध्ये 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली'ने मुलांच्या वाढदिवसाच्या केकचं पुस्तक काढलं, त्यातल्या बदकाची चोच बटाट्याच्या वेफर्सची होती. 'ब्लुई' बघणाऱ्या आईबापांना हे बदक लगेच आठवेल. साधा केक भाजा, कापून जोडा, क्रीमने सांधे झाका, ही युक्ती त्या पुस्तकात होती. मी जे केलं ते तेच.

आता आपल्या पोळ्याकडे परत. पोळा येतो श्रावण अमावास्येला, आणि हीच पिठोरी अमावास्या. पिठोरी म्हणजे पिठाची. चौसष्ट योगिनींच्या मूर्ती पिठाच्या करून (आता बहुतेक घरी छापील चित्र असतं) आया मुलांसाठी पूजा करतात. कहाणीतल्या बाईचं मूल दर वर्षी याच दिवशी जन्मतं आणि मरतं, सातव्या वेळी सासरचे तिला मेलेल्या मुलासह घराबाहेर काढतात. रानात पूजा करणाऱ्या विचारतात, "कोणी अतिथी आहे का?" ती म्हणते, "मी आहे," आणि तिची सगळी मुलं जिवंत होतात. म्हणून अजूनही आई खीरपुरीचं वाण डोक्यावरून मागे धरते, "अतिथी कोण?" विचारते, आणि मागे उभं असलेलं मूल "मी" म्हणून ते घेतं.

ही गोष्ट आज अतिरंजित वाटते. पण शंभर वर्षांपूर्वी भारतात जन्मलेल्या साधारण पाचातलं एक मूल पहिला वाढदिवस बघत नसे. तेव्हा पाचवा वाढदिवस ही सुखरूप पोहोचल्याची बातमी होती. आपण केक कापतो तेव्हा हे आपल्या ध्यानीमनीही नसतं, आणि नसतं हे चांगलंच आहे म्हणा. पण या दिवशी पीठ कापायला नाही, जीव राखायला वापरतात, एवढं मला आबांच्या एका वाक्यामुळे कळलं.

असो. तर त्या दिवशी काय केलं? पाच वाजले होते, पाहुणे सातला. रावेरकडची पिकलेली केळी घरात होती. ती कुस्करली, तोच मैदा-सोडा घातला, पसरट ताटलीत पातळ केक भाजला. केळ्यामुळे ओलावा धरून राहतो, त्यामुळे वर क्रीमचीही गरज पडली नाही. कोको भुरभुरून काट्याने सरळ रेघा मारल्या, झालं नांगरलेलं शेत. बैल पाटावर शेजारी उभा. आधी आईने लेकीला ओवाळलं, वाण दिलं, लेकीने "मी!" असं ओरडून ते घेतलं. मग आबांनी बैलाला हळदकुंकू लावलं (क्रीमवर बोट उमटलं, ते तसंच ठेवलं). मग शेत कापलं. भाभींच्या मुलांनी दोन-दोन तुकडे खाल्ले.

बैल फ्रीजमध्ये राहिला. तो खायचा का, कुणी, कसा, यावर घरात तीन मतं होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर एक शिंग आणि अर्धं वशिंड गायब. लेकीला विचारलं तर म्हणाली, "मी कापलं नाही. फक्त चाटलं."

सोमदेवसूरी यावर काय म्हणाले असते कोण जाणे. आबा मात्र पहिल्यांदाच हसले.

पुढच्या वर्षी तिला डायनासोर हवा आहे.