रास मसूदांचा दोस्त आणि अलीगढचे मराठीचे प्राध्यापक

इ. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली. ती त्याने सय्यद रास मसूद यांना अर्पण केली आहे. इंग्रजीच्या वर्गात अर्पणपत्रिका कोणी शिकवत नाही. अलीगढ चळवळीवर लिहिणारे आपले लेखकही 'मसूदसाहेबांचे एक इंग्रज मित्र' एवढे म्हणून पुढे सरकतात. पण या दोस्तीचा रस्ता अलीगढहून हैदराबादला आणि तिथून आपल्या मराठवाड्यात येतो. शिवाय तो अशा एका विषयावरून जातो की ज्यावर आपल्या घरांत, मदरशांत आणि साहित्य संमेलनांतही बोलणे टाळले जाते. म्हणून ही हकीकत सविस्तर सांगावीशी वाटते.

रास मसूद हे सर सय्यद अहमद खान यांचे नातू. त्यांचे वडील सय्यद महमूद अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायाधीश होते. हे कोर्ट वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे. मसूद शिक्षणासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा ऑक्सफर्डला जाण्यापूर्वी त्यांना लॅटिन शिकवायला १९०६ मध्ये फॉर्स्टरची नेमणूक झाली. उस्ताद सत्तावीस वर्षांचा, शागीर्द सतरा वर्षांचा. लॅटिन फारसे झाले नाही म्हणतात. मैत्री मात्र जन्माची झाली. फॉर्स्टर समलिंगी होता. पुढे शागीर्द कर्तासवरता झाल्यावर, १९१० च्या अखेरीस, त्याने आपले मन मसूदांपुढे उघडे केले. मसूदांना त्या वाटेने जायचे नव्हते. त्यांनी ते सांभाळून घेतले, आणि दोस्ती तोडली नाही. मसूद १९३७ मध्ये वारले, तोवर ती टिकली.

हे लिहिताना त्या वेळचे इंग्लंड कसे होते ते पाहिले पाहिजे. ऑस्कर वाइल्डसारख्या नामवंत लेखकाला १८९५ मध्ये याच कारणावरून दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती. ती दहशत फॉर्स्टरच्या पिढीच्या हाडात मुरली होती. दोन पुरुषांच्या प्रेमावरची 'मॉरिस' ही कादंबरी त्याने १९१३-१४ मध्ये लिहिली आणि पेटीत ठेवून दिली. ती छापली गेली १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. इंग्लंडचा कायदा १९६७ मध्येच सैल झाला होता, तरी म्हाताऱ्याने ती बाहेर काढली नाही. सेन्सॉर काही नेहमी सरकारी कचेरीतच बसलेला नसतो.

तर हा फॉर्स्टर ऑक्टोबर १९१२ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरला आणि तिथून अलीगढला मसूदांच्या भेटीला गेला. मार्च १९१३ मध्ये तो निजामाच्या राज्यात आला. तेव्हाच्या औरंगाबादेत तो मसूदांच्या परिचयातल्या एका मुन्सफाकडे राहिला आणि दौलताबाद, वेरूळ पाहून आला. कादंबरीतल्या फील्डिंगच्या घराचे वर्णन या औरंगाबादच्या घरावरून उतरले आहे, असे अभ्यासक सांगतात. डॉ. अझीझ या पात्रात मसूदांच्या छटा आहेत, हे तर सर्वमान्यच आहे. तीनच वर्षांनी, १९१६ मध्ये, मसूद हैदराबाद संस्थानाचे शिक्षण संचालक झाले आणि १९२८ पर्यंत त्या जागेवर राहिले. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून देण्याचा जो प्रयोग झाला, त्यामागे त्यांचा मोठा हात होता. माहूर-किनवटचा हा सारा डोंगराळ मुलूख तेव्हा निजामाचाच. आज इथे उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरांवर त्या माणसाचे थोडेफार ऋण आहेच. पुढे १९२९ ते १९३४ ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते.

फॉर्स्टर १९२१ मध्ये पुन्हा आला, तो देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खासगी कारभारी म्हणून. म्हणजे एका मराठी दरबारात. त्या दिवसांवर त्याने १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढले. देवीचा गड म्हटले की आम्हा माहूरकरांना रेणुकामाता आठवते. हा गड मात्र देवासच्या चामुंडेचा. फॉर्स्टरचा कल राजाच्या कानावर गेला, तेव्हा राजाने त्याला हाकलून दिले नाही. हा भाग फॉर्स्टरने पुस्तकात घातला नाही, तो त्याच्या पश्चात छापला गेला. त्यात एका चाकराशी त्याने केलेली अरेरावीही आहे. तेव्हा फॉर्स्टरला वली करण्याची गरज नाही. साहेब होता, साहेबासारखा वागलाही. पण एक गोष्ट नोंदवावी लागते. विलायतेत जे बोलणे म्हणजे तुरुंग होता, ते त्याने एका मुसलमान मित्राजवळ बोलून दाखवले आणि एका मराठा राजाने ते ऐकून घेतले.

आणि हा तुरुंगाचा कायदा आपल्याकडे कोणी आणला? इंडियन पिनल कोड १८६० मध्ये मंजूर झाले आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. त्यातले ३७७ वे कलम 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगासाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगत होते. साहेब जिथे जिथे गेला तिथे तिथे हे कलम त्याच्या सामानाबरोबर गेले: मलाया, सिंगापूर, ब्रह्मदेश. याच सुमारास, १८५८ मध्ये, उस्मानी तुर्कांनी फ्रेंच धर्तीवर जे दंडविधान केले, त्यात असा गुन्हाच ठेवला नव्हता. पूर्व मागासलेली आणि पश्चिम सुधारलेली, हे गणित इथे उलटे पडते.

याचा अर्थ आपल्याकडे सारे आलबेल होते, असा कोणी काढू नये. लग्न करा, मुले होऊ द्या, बाकीचे मनात ठेवा, असा आपला जुना रिवाज. त्यात त्या पुरुषाचे जे व्हायचे ते होते, पण त्याच्या बायकोचे काय झाले हे कोणत्याही तवारीखीत लिहिलेले नाही. शायरीत मात्र ही गोष्ट राजरोस होती. आपल्या औरंगाबादचे सिराज (१७१२-१७६३) यांची 'बोस्तान-ए-खयाल' ही मसनवी ११६० हिजरीतली, म्हणजे १७४७ ची. ती एका पुरुषाच्या दुसऱ्या पुरुषावरील प्रेमाची आपबीती आहे. पुढे हालींचा 'मुकद्दमा' १८९३ मध्ये आला आणि इंग्रजी नीतीच्या आरशात उर्दूला आपल्या जुन्या गझलेची लाज वाटू लागली. उर्दूच्या वर्गात सिराज शिकवताना इश्क-ए-मजाजी आणि इश्क-ए-हकीकी हे दोन शब्द फळ्यावर लिहिले की तास सुखरूप पार पडतो. मात्र हेही सांगितले पाहिजे की जुन्या गझलेतला 'अमरद' पुष्कळदा कोवळ्या वयाचा असतो. दोन प्रौढ माणसांच्या राजीखुशीच्या नात्याशी त्याची सांगड घालणे बरोबर नाही. आजचा कायदाही ती घालत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता इंटरनेटच्या काळाकडे येऊ. मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींचे नियतकालिक काढले. ते पाकिटात घालून, लपवून वाचले जाई. १९९८ मध्ये इंटरनेटवर 'गे बॉम्बे' हा गट सुरू झाला, तेव्हा पाकीटही लागेनासे झाले. लहान गावातल्या माणसाला आपण एकटे नाही एवढे तरी कळू लागले. पण ज्या तारेवरून दोस्त येतो त्याच तारेवरून पोलीसही येतो. मे २००१ मध्ये कैरोत नाईल नदीवरच्या 'क्वीन बोट' या नौकेवर छापा पडला आणि ५२ पुरुषांवर खटला झाला. त्या काळात इजिप्तचे पोलीस इंटरनेटवर खोट्या नावाने गप्पा मारून माणसांना भेटीला बोलवत आणि पकडत. आपण फार वेगळे होतो असे नाही. लखनौमध्ये जुलै २००१ मध्ये एड्सविषयी काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना दीडेक महिना तुरुंगात काढावा लागला. त्याच शहरात जानेवारी २००६ मध्ये पोलिसांनी इंटरनेटवरच जाळे लावून चौघांना धरले.

बंदीची तऱ्हा तर आणखी गमतीची. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका फुटीर संघटनेचा याहूवरचा एक गट बंद करा, असा भारत सरकारचा हुकूम निघाला. कंपन्यांना एकच गट बंद करता येईना, म्हणून त्यांनी याहूचे सगळेच गट बंद केले. देशभरातल्या हजारो गटांबरोबर समलिंगींचे गटही काही दिवस गायब झाले. त्यांच्यावर कोणी बंदी घातली नव्हती, तरी ती बसली. पाकिस्तानात सप्टेंबर २०२० मध्ये टिंडर, ग्राइंडर वगैरे पाच ॲप अश्लीलतेच्या नावाखाली बंद केली गेली. बांगलादेशात 'रूपबान' या समलिंगींच्या मासिकाचे संपादक झुल्हाझ मन्नान यांचा एप्रिल २०१६ मध्ये ढाक्यात, त्यांच्या घरात घुसून खून झाला. तिथे बंदीचा हुकूम काढण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

या सगळ्यात आपल्या मराठीशी आणि अलीगढशी एकदमच जोडलेला माणूस म्हणजे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. मूळचे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागात तमिळ, तेलुगू, बंगाली अशा भाषांबरोबर मराठीही शिकवली जाते. ती शिकवायला ते तिथे गेले आणि दोन दशके राहिले, विभागप्रमुखही झाले. कवी होते. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या संग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. उर्दूच्या बालेकिल्ल्यात मराठीचा दिवा लावून बसलेल्या या माणसाची, आम्हा मराठी मुसलमान लिहिणाऱ्यांनी जितकी दखल घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही. मराठी आणि उर्दू यांच्यामध्ये उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री विद्यापीठातल्या त्यांच्या राहत्या घरात काही लोक कॅमेरा घेऊन शिरले. सिरस एका रिक्षाचालकाबरोबर होते. दोघेही प्रौढ, कोणावर जबरदस्ती नाही. चित्रण झाले, ते बाहेर गेले, आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने प्राध्यापकांनाच निलंबित केले. घर सोडायलाही सांगितले. निवृत्ती जवळ आलेली, वय चौसष्ट. त्याआधी सातच महिने, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा (हे आपल्या सोलापूरचे) आणि न्यायमूर्ती मुरलीधर यांनी प्रौढांच्या खासगी संबंधांपुरते ३७७ कलम बाद ठरवले होते.

अलीगढच्या काही मंडळींनी तेव्हा दीनचा आधार घेतला. म्हणून दीनच्याच बाजूने पाहू. हे कृत्य हराम आहे यावर चारही मजहबांचे एकमत आहे. शिक्षेबद्दल मात्र नाही, इमाम अबू हनीफांनी त्याला हद्दच्या शिक्षांत धरलेले नाही. पण दुसऱ्याची टेहळणी करू नका, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट आहे. इमाम गझालींच्या 'इह्या'त एक वाकया आहे. हजरत उमर रात्रीची गस्त घालत असता एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले, तर घरधनी बाई आणि दारू घेऊन बसलेला. ते रागावले. तो म्हणाला, माझ्या हातून एक गुन्हा घडला, आपल्या हातून तीन. आपण टेहळणी केली, दाराऐवजी भिंतीवरून आलात, आणि सलाम न करता घरात शिरलात. तिन्ही गोष्टींना कुरआनात मनाई आहे. खलिफा त्याला माफ करून परत गेले. अलीगढमध्ये भिंत चढणाऱ्यांकडे कॅमेरा होता. उमर परत फिरले तिथे हे थांबले नाहीत, आणि विद्यापीठाने त्यांच्या फितीवर विश्वास ठेवून आपल्याच मास्तराला घराबाहेर काढले. माझ्या मते त्या रात्रीचा पहिला गुन्हेगार रिक्षाचालकही नव्हता आणि प्राध्यापकही नव्हते.

सिरस अलाहाबाद हायकोर्टात गेले. हेच ते सय्यद महमूदांचे कोर्ट. १ एप्रिल २०१० रोजी कोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली आणि घर परत देण्यास सांगितले. ७ एप्रिलला अलीगढमध्ये भाड्याच्या घरात त्यांचा मृतदेह सापडला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, काहींना अटकही झाली, पण पुराव्याअभावी पुढे काही झाले नाही.

नंतरचे थोडक्यात. दिल्लीचा निकाल सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरवला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांना ३७७ मधून कायमचे सोडवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलमच नाही.

सिरसांवर हन्सल मेहतांनी 'अलिगढ' हा सिनेमा काढला, मनोज बाजपेयींनी त्यांची भूमिका केली. तो फेब्रुवारी २०१६ मध्ये लागला. त्याच्या जाहिरातीच्या फितीलाच सेन्सॉर मंडळाने फक्त प्रौढांसाठीचा दाखला दिला. खुद्द अलीगढमध्ये काही संघटनांनी विरोध केला आणि तिथल्या थिएटरांतून तो उतरवला गेला.

माहूर हे वाटसरूंचे गाव. रेणुकेला येणारे, दत्तशिखराला जाणारे, सोनापीरच्या दर्ग्यावर चादर चढवणारे इथे रोज उतरतात. लॉजवर दोन पुरुष एका खोलीत राहिले तर कोणी काही विचारत नाही. नवराबायको आले तर मात्र ओळखपत्र मागतात. सिरसांजवळ स्वतःचे घर असून त्यांना तेवढाही आडोसा मिळाला नाही. अखेरच्या दिवसांत त्यांनी एका पत्रकाराला सांगितले होते की त्यांना अमेरिकेला जायचे आहे, तिथेच आपल्याला मोकळेपणाने जगता येईल. त्या अमेरिकेने १९९० पर्यंत समलिंगी परदेशी माणसाला देशात येण्यास कायद्याने मनाई केली होती, आणि तिथल्या टेक्सास वगैरे राज्यांतला हा गुन्हा सुप्रीम कोर्टाने २६ जून २००३ रोजी रद्द केला. सिरस बोलत होते तेव्हा त्याला सातही वर्षे झाली नव्हती.